दोन पॅनेलांचा फाइल मॅनेजर : लिनक्सच्या टर्मिनलमधील मिडनाइट कमांडर

टर्मिनल फाइल मॅनेजर म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, केवळ अक्षरे आणि रेघा यांच्या बळावर चालणारा फाइल मॅनेजर. फाइली आणि फोल्डर यांची यादी तो पडद्यावर मांडतो. बाणाच्या कळांनी हव्या त्या नावावर जायचे आणि एक कळ दाबून ती फाइल वाचायची, तिची प्रत काढायची, ती हलवायची किंवा पुसायची. त्याला चित्रमय डेस्कटॉप लागत नाही. माउस असला तर चालतो, नसला तरी काम अडत नाही.

लिनक्सवर फाइलींची देखभाल करण्याचे दोन मार्ग बहुतेकांना माहीत असतात. पहिला नॉटिलस, डॉल्फिन किंवा थुनार यांसारख्या चित्रमय फाइल मॅनेजरचा. दुसरा टर्मिनलमध्ये कमांड टाइप करण्याचा : प्रत काढायला 'सीपी', हलवायला 'एमव्ही', पुसायला 'आरएम'. कमांडचा मार्ग वेगवान आणि सामर्थ्यवान आहे, पण त्यात फाइलचे नाव, ती जिथे आहे तो मार्ग आणि ती जिथे जायची तो मार्ग, हे सारे मनात धरून लिहावे लागते. एक अक्षर चुकले तर कमांड चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी ती चालते, पण भलत्याच फाइलवर. टर्मिनल फाइल मॅनेजर नेमकी ही उणीव भरून काढतो. काय उचलायचे आणि कुठे ठेवायचे, या दोन्ही गोष्टी काम करण्यापूर्वी डोळ्यांसमोर असतात, आणि तरीही टर्मिनल सोडून बाहेर जावे लागत नाही.

त्याची खरी गरज सर्व्हरवर जाणवते. संकेतस्थळे, डेटाबेस आणि मेल सांभाळणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर बहुधा डेस्कटॉप बसवलेलाच नसतो. दूरवरून 'एसएसएच' या सुरक्षित पद्धतीने जोडणी केली की हाती फक्त टर्मिनल येते. महासंगणकांचेही तसेच. जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील 'प्रत्युष' हा महासंगणकही लिनक्सवरच चालणारा. अशा यंत्रांवर काम करणारे संशोधक आणि विद्यार्थी आपल्या फाइलींपर्यंत टर्मिनलमधूनच पोहोचतात. जुना, कमी मेमरीचा संगणक, संथ इंटरनेट जोडणी किंवा डेस्कटॉप सुरूच होत नाही अशी बिघाडाची वेळ, या ठिकाणीही हाच मार्ग उरतो.

नॉर्टनपासून मिडनाइटपर्यंत

दोन पॅनेलांच्या फाइल मॅनेजरची परंपरा लिनक्सपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील जॉन सोचा यांनी विद्यार्थिदशेत डॉस प्रणालीसाठी लिहायला घेतलेला कार्यक्रम १९८६ मध्ये पीटर नॉर्टन कम्प्युटिंगने 'नॉर्टन कमांडर' या नावाने बाजारात आणला. पडद्याचे उभे दोन भाग, प्रत्येकात एका फोल्डरची यादी, खाली कमांड लिहिण्याची ओळ आणि अगदी तळाशी एफ१ ते एफ१० या कळांची कामे : ही त्याची मांडणी इतकी सोयीची ठरली, की पुढे विंडोजवरचे टोटल कमांडर आणि फार मॅनेजर यांनी तीच उचलली.

लिनक्सच्या जगात ही मांडणी आणली मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी. १९९४ मध्ये त्यांनी 'मिडनाइट कमांडर' लिहायला सुरुवात केली. पुढे १९९७ मध्ये फेदेरिको मेना यांच्यासह त्यांनी ग्नोम या डेस्कटॉपचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा ग्नोमचा सुरुवातीचा फाइल मॅनेजर म्हणून मिडनाइट कमांडरचेच चित्रमय रूप वापरले गेले. २००१ च्या सुमारास त्याची जागा नॉटिलसने घेतली. ते चित्रमय रूप काळाआड गेले, टर्मिनलमधले मूळ रूप मात्र आजही सांभाळले जात आहे. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते विनामूल्य मिळते, त्याची मूळ संहिता (सोर्स कोड) कोणालाही पाहता आणि सुधारता येते. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात ते उपलब्ध असल्याने एकदा हात बसला की कोणत्याही यंत्रावर तोच सराव कामी येतो.

इन्स्टॉल करणे

मिडनाइट कमांडरच्या पॅकेजचे नाव आणि तो सुरू करण्याची कमांड एकच आहे : 'एमसी'. पुढील कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. 'एमसी' म्हणजे एम आणि सी ही दोन अक्षरे, 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ, आणि 'ॲप्ट' म्हणजे ए, पी, टी.

डेबियन, उबुंटू आणि लिनक्स मिंट यांवर आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' ही कमांड द्यावी. तिने उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एमसी' असे लिहून एंटर दाबावे. पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर अनेकदा टिंबेसुद्धा उमटत नाहीत. ही सुरक्षेची रीत आहे, कीबोर्ड बिघडलेला नसतो. उबुंटूमध्ये हे पॅकेज 'युनिव्हर्स' या भांडारात आहे. पॅकेज सापडत नाही असा संदेश आला, तर ते भांडार चालू आहे का ते पाहावे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस लिनक्स' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली असल्याने तिथेही ॲप्टचीच पद्धत लागू पडते.

फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल एमसी', ओपनसुसेवर 'सुडो झिपर इन्स्टॉल एमसी' अशी कमांड आहे. आर्च लिनक्सवर 'सुडो पॅकमन'नंतर आडवी रेघ व तिला जोडून मोठे 'एस' हे अक्षर आणि मग 'एमसी' लिहायचे. सर्व ठिकाणी पॅकेज मॅनेजर गरजेच्या इतर लायब्ररी स्वतःच उतरवून घेतो. कोणत्याही संकेतस्थळावरून इन्स्टॉलर शोधून आणण्याची गरज नाही, आणि तसे करूही नये. वितरणाच्या भांडारातील पॅकेजवर वितरणाची डिजिटल सही असते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर आपोआप येतात.

इन्स्टॉल झाल्यावर 'एमसी' लिहून एंटर दाबले की मिडनाइट कमांडर उघडतो. मात्र ज्या यंत्रावर 'मिनआयओ' या साठवण-प्रणालीचा क्लायंट असेल तिथे घोटाळा होऊ शकतो, कारण त्या क्लायंटची कमांडही 'एमसी'च आहे.

पडद्यावर काय दिसते

पडदा पाच भागांत वाचावा. सर्वांत वर मेनूची पट्टी असते; तिच्यात डावे पॅनेल, फाइल, कमांड, पर्याय आणि उजवे पॅनेल असे पाच मेनू असतात. त्याखाली डावे व उजवे पॅनेल. प्रत्येक पॅनेलच्या वरच्या कडेला त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. यादीत नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख असे रकाने दिसतात. फोल्डरच्या नावाआधी तिरकी रेघ असते, चालवता येणाऱ्या कार्यक्रमाआधी तारा. यादीच्या अगदी वर दोन टिंबे असलेली ओळ दिसते. तिच्यावर एंटर दाबले की एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जाता येते. पॅनेलांखाली कमांड लिहिण्याची ओळ, आणि तळाशी दहा फंक्शन कळांची नावे.

एका वेळी एकच पॅनेल चालू असते. त्यातल्या एका ओळीवर उजळ पट्टी असते. टॅब कळ दाबली की पट्टी दुसऱ्या पॅनेलमध्ये जाते. बाणाच्या कळांनी वर-खाली जायचे, फोल्डरवर एंटर दाबून आत शिरायचे. यादी लांबलचक असेल तर कंट्रोल आणि एस एकत्र दाबून नावाची पहिली काही अक्षरे टाइप करावीत. पट्टी त्या नावावर जाऊन थांबते.

लिनक्समध्ये ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते ती लपलेली मानली जाते. वापरकर्त्याच्या सेटिंगच्या बहुतेक फाइली अशाच असतात. त्या दाखवणे किंवा लपवणे ऑल्ट आणि टिंब या जोडीने होते.

फंक्शन कळांची कामे तळाच्या पट्टीवर कायम लिहिलेली असल्याने पाठांतराची गरज पडत नाही. एफ१ मदत, एफ२ वापरकर्त्याचा मेनू, एफ३ फाइल पाहणे, एफ४ संपादन, एफ५ प्रत काढणे, एफ६ हलवणे किंवा नाव बदलणे, एफ७ नवे फोल्डर, एफ८ पुसणे, एफ९ वरचा मेनू आणि एफ१० बाहेर पडणे. काही वेळा एफ१ किंवा एफ१० या कळा टर्मिनल स्वतःच्याच मेनूसाठी राखून ठेवते. अशा वेळी एस्केप दाबून सोडावी आणि मग अंक दाबावा. एस्केपनंतर १ म्हणजे एफ१, एस्केपनंतर शून्य म्हणजे एफ१०. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या कळांवरील त्याचा हक्क काढूनही टाकता येतो.

प्रत काढणे आणि हलवणे

समजा, होम फोल्डरमधील छायाचित्रे पेनड्राइव्हवर न्यायची आहेत. डाव्या पॅनेलमध्ये छायाचित्रांचे फोल्डर उघडावे. टॅबने उजवीकडे जाऊन पेनड्राइव्हचे फोल्डर उघडावे. उबुंटूसारख्या प्रणालीत ते बहुधा 'मीडिया' या फोल्डरच्या आत, वापरकर्त्याच्या नावाखाली सापडते. पुन्हा टॅबने डावीकडे यावे, हवे ते छायाचित्र निवडावे आणि एफ५ दाबावी. एक चौकट उघडते. तिच्यात प्रत कुठे जाणार तो मार्ग, म्हणजे उजव्या पॅनेलचा मार्ग, आधीच भरलेला असतो. तो वाचून एंटर दाबले की काम सुरू होते, आणि किती भाग पूर्ण झाला ते प्रगतीच्या पट्टीवर दिसत राहते.

गंतव्य ठिकाणी त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर मिडनाइट कमांडर थांबतो. जुन्या आणि नव्या फाइलीचा आकार व तारीख समोरासमोर दाखवून तो विचारतो की नवी ठेवायची, जुनी राहू द्यायची, की पुढच्या सर्व फाइलींसाठी एकच नियम लावायचा. उदाहरणार्थ, केवळ जुन्या झालेल्या फाइली बदलायच्या असे सांगता येते. 'सीपी' कमांड मात्र, तिला मुद्दाम विचारायला सांगितले नसेल, तर जुनी फाइल न विचारता पुसून तिच्या जागी नवी लिहिते.

एफ६ हलवते. त्याच चौकटीत मार्गाऐवजी नुसते नवे नाव लिहिले तर फाइल जागेवरच राहते आणि तिचे नाव बदलते. केवळ नाव बदलायचे असेल तर शिफ्ट आणि एफ६ एकत्र दाबावे. चौकटीत जुने नाव तयार मिळते, त्यात हवा तो बदल करायचा.

अनेक फाइली एकदम

एकेक फाइल हाताळण्यापेक्षा गट करून काम करण्यात अशा मॅनेजरचे बळ दिसते. इन्सर्ट कळ दाबली की पट्टीखालच्या फाइलीवर खूण होते, तिचे नाव वेगळ्या रंगात दिसू लागते आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकते. ज्या लॅपटॉपवर इन्सर्ट कळ नाही तिथे कंट्रोल आणि टी हेच काम करतात. खूण केलेल्या फाइली किती आणि त्यांचा एकूण आकार किती, हे पॅनेलच्या खालच्या ओळीत दिसत राहते. पेनड्राइव्हवर तेवढी जागा आहे का, हे त्यामुळे प्रत काढण्याआधीच कळते.

फाइली शेकड्यांनी असतील तर अधिकचे चिन्ह दाबावे. उघडलेल्या चौकटीत नमुना लिहायचा : तारा, टिंब आणि 'जेपीजी' असे लिहिले की त्या फोल्डरमधील सर्व जेपीजी छायाचित्रांवर एकदम खूण होते. ताऱ्याचा अर्थ येथे 'काहीही' असा आहे. वजाचे चिन्ह त्याच पद्धतीने खूण काढते आणि ताऱ्याची कळ निवड उलटी करते. खूण झाली की एफ५, एफ६ किंवा एफ८ ही कळ साऱ्या गटावर चालते.

शोध, तुलना आणि आकार

फाइल कुठे ठेवली ते आठवत नसेल तर ऑल्ट आणि प्रश्नचिन्ह दाबावे. शोध कोणत्या फोल्डरपासून सुरू करायचा, नावाचा नमुना काय आणि फाइलीच्या आत कोणता मजकूर असावा, हे तिन्ही सांगता येते. सापडलेल्या फाइलींची यादी पॅनेलमध्ये उतरवण्याचीही सोय आहे. मग वेगवेगळ्या फोल्डरांत विखुरलेल्या त्या फाइली एका जागी असल्यासारख्या निवडून त्यांच्या प्रती काढता येतात.

बॅकअप घेणाऱ्यांना फोल्डरांची तुलना फार उपयोगी पडते. डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे त्याचा बॅकअप उघडावा. कंट्रोल आणि एक्स दाबून सोडावे आणि मग डी दाबावे. आकार व तारखेवरून झटपट, केवळ आकारावरून किंवा प्रत्येक बाइट ताडून अशा तीन प्रकारे तुलना होते. ज्या फाइलींत फरक आहे त्यांच्यावर आपोआप खूण होते. मग फक्त एफ५ दाबायची. बदललेल्या तेवढ्याच फाइली बॅकअपमध्ये जातात.

डिस्क भरली की पहिला प्रश्न असतो, जागा कोणी खाल्ली? यादीत फोल्डरसमोर दिसणारा आकडा त्यातील फाइलींचा नसतो, फोल्डरच्या स्वतःच्या नोंदीचा असतो. कंट्रोल आणि स्पेस दाबले की आतील सर्व फाइली मोजून खरा आकार दाखवला जातो. मराठी टंकनाच्या काही इनपुट पद्धतींत भाषा बदलण्याची कळ हीच असते. तिथे हे काम कमांड मेनूतील फोल्डरचे आकार दाखवण्याच्या पर्यायाने करावे.

फाइल वाचणे आणि बदलणे

एफ३ फाइल केवळ वाचण्यासाठी उघडते, त्यामुळे चुकून बदल होण्याची भीती नसते. प्रणालीच्या सेटिंगच्या फाइली पाहताना किंवा सर्व्हरच्या नोंदी चाळताना हीच कळ वापरण्याची सवय ठेवावी. आत एफ७ने मजकूर शोधता येतो, तर एफ४ने फाइलीतील बाइट षोडशमान पद्धतीने दिसतात.

बदल करायचा असेल तेव्हा यादीत एफ४ दाबावी. मिडनाइट कमांडरबरोबर त्याचा स्वतःचा एडिटर येतो; तो प्रोग्रॅमच्या भाषांतील शब्द रंगांनी वेगळे दाखवतो. त्यात एफ२ने फाइल जतन होते आणि एफ१०ने बाहेर पडता येते. काही वितरणांत एफ४ दाबल्यावर नॅनोसारखा दुसराच एडिटर उघडतो. पर्याय मेनूतील सेटिंगमध्ये अंतर्गत एडिटर वापरण्याच्या चौकोनात खूण केली की स्वतःचा एडिटर सुरू होतो.

कमांडची ओळ

पॅनेल समोर असतानाही नेहमीची कमांड देता येते. अक्षरे टाइप करू लागताच ती खालच्या ओळीत उमटतात, आणि एंटर दाबल्यावर ती कमांड चालू पॅनेलच्या फोल्डरमध्ये चालते. पट्टीखालच्या फाइलीचे नाव ऑल्ट आणि एंटर दाबून थेट त्या ओळीत आणता येते. लांबलचक नाव हाताने लिहिण्याचा आणि त्यात चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

कंट्रोल आणि ओ या जोडीने पॅनेल बाजूला होतात आणि मागचे पूर्ण टर्मिनल दिसते. तीच जोडी पुन्हा दाबली की पॅनेल परत येतात. टर्मिनल शिकणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे. एखादी कमांड द्यावी आणि लगेच पॅनेलमध्ये तिचा परिणाम पाहावा. फोल्डर खरेच तयार झाले का, फाइल खरेच हलली का, हे डोळ्यांनी पडताळता येते. कमांडची भीती अशाच पडताळणीने जाते. मिडनाइट कमांडर शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड स्वीकारून चालवणारा कार्यक्रम, झाकून टाकत नाही, उलट शेलकडे जाणारा रस्ता तो उघडा ठेवतो.

संकुचित फाइली आणि दूरचे संगणक

झिप किंवा टार प्रकारच्या संकुचित फाइलीवर एंटर दाबले की ती साध्या फोल्डरसारखी उघडते. आतील हवी ती एकच फाइल निवडून एफ५ने दुसऱ्या पॅनेलमध्ये काढून घेता येते. सगळी फाइल उलगडावी लागत नाही. टारच्या आत काही लिहिता मात्र येत नाही, फक्त बाहेर काढता येते. झिप उघडण्यासाठी 'अनझिप' हा कार्यक्रम यंत्रावर असावा लागतो.

डाव्या किंवा उजव्या मेनूत दूरच्या संगणकाशी जोडणीचे पर्याय आहेत : शेल, एसएफटीपी आणि एफटीपी. शेल जोडणी निवडून वापरकर्त्याचे नाव, मधे ॲटचे चिन्ह आणि सर्व्हरचे नाव लिहिले, की पासवर्डनंतर त्या पॅनेलमध्ये दूरच्या सर्व्हरची यादी उघडते. एका बाजूला स्वतःचा संगणक, दुसऱ्या बाजूला सर्व्हर, आणि मधे तीच एफ५. सर्व्हरवर मिडनाइट कमांडर असण्याची गरज नाही, एसएसएच पुरेसे आहे. जुन्या एफटीपीत पासवर्ड उघड स्वरूपात जात असल्याने महत्त्वाच्या कामाला ती जोडणी टाळावी.

सावधगिरी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : एफ८ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती थेट जाते. खात्री करून घेणारा प्रश्न आधी विचारला जातो, पण घाईत एंटर दाबण्याची सवय लागलेली असते. म्हणून पर्याय मेनूतील सुरक्षित पुसण्याचा पर्याय चालू करावा. मग त्या चौकटीत आधीपासून 'नाही' हे उत्तर निवडलेले असते आणि 'हो' मुद्दाम निवडावे लागते.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला मालक असतो, आणि वाचणे, लिहिणे व चालवणे या तीन परवानग्या मालक, गट व इतर या तिघांसाठी वेगवेगळ्या ठरवता येतात. कंट्रोल-एक्सनंतर सी दाबले की या परवानग्यांची चौकट उघडते. चौकोनांत खुणा करून त्या बदलता येतात. कमांडने परवानग्या देताना लागणारे ७५५ किंवा ६४४ असे आकडे मनात जुळवावे लागत नाहीत.

'इटीसी' फोल्डरमधील प्रणालीच्या सेटिंगला सामान्य वापरकर्ता हात लावू शकत नाही. त्यासाठी 'सुडो एमसी' असे लिहून मिडनाइट कमांडर प्रशासकाच्या अधिकाराने उघडता येतो. पण मग कोणतीही फाइल पुसण्यापासून प्रणाली अडवत नाही, आणि त्या अवस्थेत नव्याने तयार केलेल्या फाइलींचा मालक प्रशासकच होतो. काम उरकताच बाहेर पडावे आणि रोजच्या वापराला साधाच मिडनाइट कमांडर ठेवावा.

मराठी नावांच्या फाइली

फाइलींना देवनागरीत नावे देणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लिनक्सची फाइल-व्यवस्था देवनागरी नावे बिनचूक साठवते. प्रश्न येतो तो दाखवण्याचा. टर्मिनलचा पडदा सारख्या रुंदीच्या घरांत विभागलेला असतो आणि रोमन लिपीचे एक अक्षर एका घरात बसते. देवनागरीत मात्र 'क्षि' हे एक अक्षर क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार संकेतांनी बनते. त्याला किती घरे द्यायची याबाबत टर्मिनल आणि फाइल मॅनेजर यांचा हिशोब जुळला नाही, की जोडाक्षरे सुटी दिसतात आणि पॅनेलमधील उभी रेघ सरकते. त्याने फाइलीचे काही बिघडत नाही. प्रत, हलवणे, उघडणे सारे नीट चालते. दुसरे टर्मिनल वापरून पाहिल्यास बरेचदा फरक पडतो. नावांऐवजी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र प्रणालीची भाषा-सेटिंग यूटीएफ-८ वर आहे का ते तपासावे.

दुसरी मर्यादा लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या 'ईएक्सटी४' फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन लिपीच्या अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन. त्यामुळे देवनागरी नावात जास्तीत जास्त ८५ संकेत मावतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' या चार अक्षरांच्या नावात ११ संकेत आहेत, म्हणजे ३३ बाइट. लेखाचे पूर्ण शीर्षक फाइलीला देणाऱ्यांना ही मर्यादा लवकर गाठते.

फंक्शन कळांचा येथे एक फायदा आहे. कीबोर्ड मराठी मांडणीवर असला तरी एफ५ ही एफ५च राहते. अक्षरांच्या कळांवर चालणाऱ्या मॅनेजरांत मात्र आधी मांडणी इंग्रजीवर आणावी लागते.

स्वतःच्या सोयीचे बदल

वारंवार लागणारी फोल्डरे कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेने उघडणाऱ्या यादीत जमा करून ठेवता येतात. रंगसंगती पर्याय मेनूतील 'ॲपिअरन्स'मधून बदलते. सारे मनासारखे झाले की त्याच मेनूतून सेटिंग जतन करावे. माउस चालू असताना पडद्यावरील मजकूर नेहमीसारखा निवडता येत नाही. शिफ्ट दाबून धरून निवडला की येतो.

मिडनाइट कमांडरमधून बाहेर पडल्यावर टर्मिनल बहुधा पुन्हा सुरुवातीच्या फोल्डरमध्ये असते. शेवटी ज्या फोल्डरमध्ये होतो तिथेच राहायचे असेल, तर त्यासाठी पॅकेजबरोबर एक छोटी स्क्रिप्ट येते. शेलच्या सेटिंगमध्ये 'एमसी' या नावाला ती स्क्रिप्ट जोडून घ्यायची असते. काही वितरणे ही जोडणी आधीच करून देतात.

इतर पर्याय

टर्मिनल फाइल मॅनेजरांचे दुसरे घराणे 'व्हीआय' या एडिटरच्या वळणाचे आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या या एडिटरमध्ये एच, जे, के, एल या अक्षरांनी डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे सरकता येते. त्यांच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. 'रेंजर' हा याच पद्धतीचा, पायथॉन भाषेत लिहिलेला मॅनेजर. त्यात तीन रकाने असतात : डावीकडे वरचे फोल्डर, मधे चालू फोल्डर आणि उजवीकडे निवडलेल्या फाइलीची झलक. वाय दोनदा दाबून प्रत उचलायची, पी दोनदा दाबून ठेवायची, क्यूने बाहेर पडायचे. पॅकेजचे नावही 'रेंजर'च आहे. 'व्हीआयएफएम'मध्ये व्हीआयच्या कळा आणि दोन पॅनेल यांचा मेळ आहे. 'एनएनएन' आकाराने अगदी लहान, म्हणून जुन्या यंत्रांना सोयीचा. 'एलएफ' गो भाषेत लिहिलेला आहे, तर अलीकडचा 'याझी' रस्ट भाषेत. मोठ्या फोल्डरांची यादी वाचण्याचे काम मागे चालू ठेवून याझी पडदा अडू देत नाही.

ज्यांचा हात व्हीआयवर बसला आहे त्यांना हे दुसरे घराणे अधिक जलद वाटते. टर्मिनल नव्याने शिकणाऱ्याने मात्र मिडनाइट कमांडरपासून सुरुवात करावी. कळांची कामे त्यात तळाशी लिहिलेली असतात, स्रोत आणि गंतव्य दोन्ही समोर दिसतात, आणि टॅब, इन्सर्ट, एफ३, एफ५, एफ६, एफ८ व एफ१० एवढ्या सात कळांत रोजचे बहुतेक काम होते. बाकीच्या सोयी गरज पडेल तशा एफ१ने उघडणाऱ्या मदतीतून शिकता येतात.